जुन्या संगणकासाठी लिनक्स कर्नेल कॉन्फिगर करताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. ते कॉन्फिगर करायला, म्हणजे त्यात काय ठेवायचं ते ठरवायला, बसलेले बहुतेक जण पहिली आज्ञा देतात ती मेन्यूकॉन्फिगची (पर्यायांचा मेन्यू उघडणारी), आणि काम तिथेच बिघडतं. समोर हजारो पर्याय येतात, त्यातले 'नको' वाटतील ते बंद होत जातात. रात्री उशिरा कर्नेल तयार होतं आणि सकाळी स्क्रीनवर पॅनिक, म्हणजे कर्नेल ठप्प झाल्याचा संदेश, दिसतो. कॉन्फिगरेशनचं खरं काम मेन्यू उघडण्याआधीच बरंचसं संपलेलं असायला हवं. ते कसं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

उदाहरणासाठी मराठवाड्यात जागोजागी दिसणारं एक यंत्र घेऊ. लातूरच्या मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेबासाठी ठेवलेला डेस्कटॉप: एच६१ बोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, ४ जीबी रॅम, नंतर बसवलेली साटा एसएसडी, बोर्डावरचं रिअलटेक लॅन. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, शेजारी बिलाचा प्रिंटर, आणि ब्रॉडबँड बंद पडलं की मोबाईलचं यूएसबी टेदरिंग. त्यावर डेबियन १२ आहे असं धरू. उबुंटूवरही क्रम हाच.

आज्ञा, फाइलींची नावं आणि स्क्रीनवरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे लहान अक्षरं वापरा.

## आधी ठरवा: कशासाठी?

वेगासाठी करणार असाल तर थांबा. वितरणाच्या (डेबियन, उबुंटू यांच्या) कर्नेलमध्ये न लागणारे ड्रायव्हर बहुतांशी मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हाच चढणारे सुटे तुकडे, म्हणून डिस्कवर पडून असतात, मेमरीत येतच नाहीत. ते काढले म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर जाणवेल इतकं पळत नाही. पण एखादा ड्रायव्हर वितरणाने बंदच ठेवला असेल, नव्या उपकरणाला नवं कर्नेल लागत असेल, छोट्या बोर्डावर जागा कमी असेल किंवा तुम्हाला हे शिकायचं असेल, तर कारण पक्कं आहे.

स्वतःचं कर्नेल वापरायला लागलात की सुरक्षेच्या अपडेटही तुमच्याच अंगावर येतात. दुसऱ्याच्या दुकानात बसवणार असाल तर हे मालकाला आधी सांगा. दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक जोरात असताना तर या यंत्राला हातच लावू नका.

## टप्पा १: हार्डवेअरची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे सुटलेलं उपकरण पुढे हमखास अडवतं, आणि तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

यंत्र वितरणाच्या मूळ कर्नेलवर सुरू करा. मग पुढच्या आज्ञांचं उत्तर एकेका फाइलीत साठवा:

एलएसपीसीआय -एनएनके
एलएसयूएसबी
एलएसयूएसबी -टी
एलएससीपीयू
डीमेसग

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. आपल्या यंत्रावर साधारण चार नावं दिसतील: डिस्कसाठी एएचसीआय, लॅनसाठी आर८१६९, पडद्यासाठी आय९१५, आवाजासाठी एसएनडी_एचडीए_इंटेल. ही फाइल जपून ठेवा, शेवटच्या टप्प्यात हिच्याशीच ताडून पाहायचं आहे.

आता जे रोज जोडलेलं नसतं, त्याकडे वळू. पुढच्या टप्प्यांत आपण चालू मॉड्यूलांच्या यादीवरून कॉन्फिग कापणार आहोत. त्या क्षणी जो ड्रायव्हर मेमरीत नसेल तो कापला जाईल. म्हणून एकेक उपकरण लावा आणि प्रत्यक्ष वापरून पाहा:

- वजनकाट्याचा कन्व्हर्टर लावून काट्यावरचं वजन स्क्रीनवर येतंय का बघा.
- प्रिंटरवर एक पान काढा.
- मोबाईल जोडून टेदरिंग चालू करा, एखादं पान उघडा. जमल्यास दोन वेगळ्या फोनवर करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनना आरएनडीआयएस_होस्ट लागतो, काही नव्या फोनना सीडीसी_एनसीएम.
- पेनड्राइव्ह नुसता लावून भागत नाही, तो माउंट करा, म्हणजे उघडून आतल्या फाइली बघा. फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस असे तिन्ही प्रकारचे मिळाले तर उत्तम.
- यूपीएसची यूएसबी वायर, वेबकॅम, वायफाय डोंगल, हेडफोन यांपैकी वर्षातून एकदा जरी लागणारं असेल तरी आत्ताच लावा.

कन्व्हर्टर लावताना एका खिडकीत डीमेसग -डब्ल्यू (कर्नेलचे संदेश येतील तसे दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा. निळ्या रंगाचे स्वस्त कन्व्हर्टर बाहेरून सारखेच दिसतात, आतली चिप मात्र वेगळी निघते. 'सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०' अशी ओळ आली तर ड्रायव्हर सीएच३४१ आहे. दुसऱ्या कन्व्हर्टरला पीएल२३०३ किंवा एफटीडीआय_एसआयओ लागेल. काट्याची वायर कधी ना कधी खराब होणार आणि बाजारातून वेगळ्या चिपची येणार, म्हणून हे तिन्ही आणि सीपी२१०एक्स ठेवायचे असं आत्ताच लिहून ठेवा.

उबुंटू २२.०४ वर कन्व्हर्टर जोडला जातो आणि लगेच सुटतो, असं दिसलं तर कर्नेलमध्ये दोष शोधत बसू नका. ब्रेलच्या उपकरणांसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम तो पकडतो.

सगळं वापरून झालं की यंत्र बंद न करता लगेच एलएसएमओडी (मेमरीतल्या मॉड्यूलांची यादी देणारी आज्ञा) चालवून उत्तर 'दुकान-मॉड्यूल' अशा नावाच्या फाइलीत घ्या. फाइलीचं नाव रोमनमध्ये, मध्ये जागा न सोडता. उपकरण काढल्यावरही त्याचं मॉड्यूल सहसा मेमरीत राहतं, त्यामुळे सगळी एकाच वेळी जोडलेली असायची गरज नाही. मध्ये रीबूट झालं तर मात्र पहिल्यापासून.

तपासा: यादीत यूएसबी_स्टोरेज, व्हीफॅट, सीएच३४१, यूएसबीएलपी आणि टेदरिंगचं मॉड्यूल दिसतंय का? नसेल तर ते उपकरण पुन्हा लावा. तरीही दिसत नसेल तर तो ड्रायव्हर कर्नेलमध्येच पक्का आहे का, हे बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत बघा.

## टप्पा २: परतीची वाट

जुनं कर्नेल काढायचं नाही, महिनाभर तरी नाही. बूट होताना ग्रबचा, म्हणजे कोणतं कर्नेल सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू दिसला पाहिजे. त्यासाठी ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत टाइमआउट १० सेकंद, टाइमआउट-स्टाइल 'मेन्यू' आणि डिफॉल्ट 'सेव्ह्ड' करा, अपडेट-ग्रब चालवा आणि ग्रब-सेट-डिफॉल्टने जुनी नोंद कायम करा. ग्रब सहसा सगळ्यात नव्या आवृत्तीचं कर्नेल आपोआप निवडतं. हे केलं नाही तर लाईट जाऊन आल्यावर यंत्र तुमच्या न तपासलेल्या कर्नेलवर उठेल.

मोकयूटिल --एसबी-स्टेट चालवून सिक्युअर बूट चालू आहे का पाहा. चालू असेल तर सही नसलेलं कर्नेल सुरूच होणार नाही. बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बायॉस सेटिंगमध्ये) जाऊन ते बंद करा किंवा स्वतःची किल्ली नोंदवून सही करा.

डीएफ -एच चालवून बूट विभागात किती जागा आहे तेही बघा. वेगळा छोटा बूट विभाग भरलेला असला की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उलगडणारी छोटी फाइलप्रणाली) अर्धवट लिहिली जाते.

## टप्पा ३: साहित्य

बांधणी, म्हणजे सोर्सवरून (मूळ कोडवरून) कर्नेल तयार करणं, दुकानातल्या यंत्रावर करू नका. घरच्या लॅपटॉपवर करा आणि तयार पॅकेज पेनड्राइव्हवर न्या. तापलेल्या खोलीत, ४ जीबी रॅमवर, मध्येच लाईट जाणाऱ्या ठिकाणी हा व्याप करण्यात काही अर्थ नाही.

लॅपटॉपवर ही पॅकेजेस लागतील: बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, डेबहेल्पर, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड. सोर्स कर्नेल डॉट ऑर्गवरूनच घ्या, आणि 'लाँगटर्म' (जास्त काळ आधार मिळणारी) असं लिहिलेली शाखा घ्या, उदाहरणार्थ ६.१२. शिक्षणासाठी करत असाल तरीही. दोन-तीन महिन्यांत आधार संपणारी शाखा दुकानात बसवणं बरोबर नाही. सोर्स आणि बांधणी मिळून १२ जीबी जागा पुरते, असं कर्नेलच्याच दस्तऐवजात म्हटलं आहे. त्यासाठी टप्पा ५ मधली डीबग माहिती बंद केलेली हवी.

मोबाईल डेटावर उतरवलेली फाइल अर्धवट असू शकते. दिलेली सही किंवा शा-२५६ बेरीज ताडूनच ती उलगडा.

## टप्पा ४: चालू कॉन्फिगवरून सुरुवात

दुकानाच्या यंत्रावरून दोन फाइली लॅपटॉपवर आणा. एक 'दुकान-मॉड्यूल', दुसरी बूट फोल्डरमधली 'कॉन्फिग-' ने सुरू होणारी, चालू आवृत्तीची. दुसरी फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' या नावाने ठेवा. सुरुवातीचा टिंब विसरू नका. मग या क्रमाने:

मेक ओल्डडेफकॉन्फिग
मेक एलएसएमओडी=(पूर्ण मार्ग)/दुकान-मॉड्यूल लोकलमॉडकॉन्फिग

पहिल्या आज्ञेने नव्या आवृत्तीतल्या पर्यायांना मूळ किमती मिळतात. दुसरी आज्ञा यादीत नसलेली मॉड्यूल कापते. 'एलएसएमओडी=' इथे मोठ्या अक्षरांत लिहायचं.

सावधान: हा भाग गाळून नुसतं लोकलमॉडकॉन्फिग दिलं, तर लॅपटॉपची मॉड्यूल मोजली जातात. कर्नेल लॅपटॉपसाठी बनतं आणि दुकानात डिस्कही सापडत नाही. ही चूक फार जण करतात.

दुसरी चूक म्हणजे एकदा कापलेल्या कर्नेलवर चालत असताना पुन्हा लोकलमॉडकॉन्फिग चालवणं. प्रत्येक फेरीत आणखी काही गळतं. यादी नेहमी वितरणाच्या मूळ कर्नेलवरच घ्या.

तिसरी म्हणजे काही अडलं की 'साफ करू' म्हणून मेक एमआरप्रॉपर. त्यात .कॉन्फिगही पुसली जाते. मेक क्लीन ती ठेवतं. काही झालं तरी आत्ताच .कॉन्फिगची एक प्रत सोर्सच्या बाहेर ठेवा.

## टप्पा ५: आता मेन्यूकॉन्फिग, फक्त ठरलेल्या बदलांसाठी

मेक मेन्यूकॉन्फिग उघडा. फिरत बसू नका. तिरकी रेघ दाबली की शोध उघडतो. पर्यायाचं नाव टाका, उत्तरातला आकडा कीबोर्डवर दाबला की थेट त्या जागी पोहोचाल. पर्याय बदलतच नसेल तर शोधातल्या 'डिपेंड्स ऑन' आणि 'सिलेक्टेड बाय' या ओळी वाचा, न बदलण्याचं कारण तिथेच असतं.

पक्कं की मॉड्यूल? तारा म्हणजे कर्नेलमध्ये पक्कं, एम म्हणजे मॉड्यूल. ज्या ड्रायव्हरला उपकरणाच्या फर्मवेअरची (उपकरणात भरायच्या प्रोग्रामची) फाइल लागते तो मॉड्यूलच ठेवा. पक्का केलात तर तो मुख्य फाइलप्रणाली उघडण्याआधीच फर्मवेअर मागतो, ते मिळत नाही आणि काळा पडदा किंवा मुका वायफाय पदरात पडतो. रेडिऑन, एएमडीजीपीयू आणि वायफाय यांच्याबाबतीत हे वारंवार घडतं.

डिस्कची साखळी पक्की करायला हरकत नाही, पण पूर्ण करा: साटा एएचसीआय, स्काझी डिस्क, आणि एक्स्ट४. साटा डिस्क लिनक्समध्ये स्काझीच्या थरातूनच दिसते. मधली कडी राहिली तर कंट्रोलर ओळखला जातो पण डिस्क येत नाही.

साखळी पक्की केली म्हणून इनिटरॅमएफएस काढून टाकू नका. ग्रब मुख्य विभाग यूयूआयडीने, म्हणजे एकमेव ओळख-क्रमांकाने, सांगतो. फाइलप्रणालीचा यूयूआयडी कर्नेलला एकट्याने उलगडत नाही, ते काम इनिटरॅमएफएसमधली साधनं करतात. कर्नेलला स्वतःहून कळतो तो पार्टयूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या विभागाचा (पार्टिशनचा) क्रमांक.

हे पर्याय बदला:

१. जनरल सेटअपमध्ये लोकल व्हर्जन. '-अडत१' असं काही, रोमनमध्ये. नाव वेगळं असलं की जुन्या मॉड्यूलांवर नवी लिहिली जात नाहीत.

२. क्रिप्टोग्राफिक एपीआयमध्ये 'सर्टिफिकेट्स फॉर सिग्नेचर चेकिंग'. तिथे डेबियन किंवा उबुंटूच्या .पेम फाइलीचा मार्ग असेल तर तो पुसून जागा रिकामी ठेवा. उबुंटूत रद्द किल्ल्यांचीही अशीच ओळ असते, तीही रिकामी करा. ती फाइल तुमच्याकडे नसते, म्हणून बांधणी 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणत थांबते.

३. कर्नेल हॅकिंगमध्ये डीबग इन्फर्मेशन: 'डिसेबल'. हे राहिलं तर डिस्क भरते आणि शेवटच्या जोडणीला रॅम कमी पडते.

४. टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेले सिरीयल कन्व्हर्टरचे चारही ड्रायव्हर, टेदरिंगचे दोन्ही, एक्सफॅट आणि एनटीएफएस३: मॉड्यूल म्हणून.

प्रोसेसरची कमाल संख्या कमी करायची असेल तर आधी मॅक्सएसएमपी बंद करावं लागतं. वाचते ती थोडीशी मेमरी, त्यामुळे मी तरी पहिल्या फेरीत याला हात लावायला सांगणार नाही.

याला हात लावू नका: डेव्हटीएमपीएफएस आणि त्याचा आपोआप माउंट, टीएमपीएफएस, सीग्रुप्स, नेमस्पेसेस, आयनोटिफाय, एफहँडल, सेककॉम्प, युनिक्स सॉकेट. बूट होताना बाकीचं सगळं सुरू करणारं सिस्टिमडी यांच्यावर उभं आहे. इनिटरॅमएफएसच्या सगळ्या संकोचन पद्धतीही तशाच ठेवा. इनिटआरडी (इनिटरॅमएफएसचीच फाइल) झेडस्टँडर्ड या पद्धतीने आवळलेली आणि कर्नेलला ते उलगडता येत नाही, असं झालं की थेट पॅनिक. उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅपमधून येतो, त्याला स्क्वॉशएफएस आणि लूप लागतात.

यंत्र यूईएफआयवर (जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या फर्मवेअरवर) असेल तर व्हीफॅटसोबत एनएलएसमधले (अक्षरसंचांच्या विभागातले) कोडपेज ४३७, आयएसओ ८८५९-१, अस्की आणि यूटीएफ-८ तपासा. ईएफआय विभाग फॅटचा असतो. तो माउंट झाला नाही की सिस्टिमडी 'इमर्जन्सी मोड'मध्ये नेऊन बसवतं आणि माणूस विनाकारण डिस्कवर संशय घेतो.

तपासा: जतन करून बाहेर पडा. जुनी आणि नवी .कॉन्फिग यांची तुलना स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डिफकॉन्फिगने करा. तुम्ही न सांगितलेलं काही बंद झालेलं दिसलं तर आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा ६: बांधणी

मेक -जे४ बिनडेब-पीकेजी

'-जे' नंतरचा आकडा तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या धाग्यांइतका (थ्रेड्सइतका). रॅम ४ जीबी असेल तर निम्मा ठेवा. 'किल्ड' म्हणत कंपायलर मेला तर सोर्समध्ये दोष नाही, मेमरी संपली आहे.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे दुपारी बांधणी लावू नका. 'कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड' असा संदेश डीमेसगमध्ये आला की प्रोसेसर स्वतःला मंदावतो. रात्री लावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

लाईट गेली, बॅटरीही संपली आणि यंत्र बंद पडलं, तर तीच आज्ञा पुन्हा द्या. झालेलं काम पुन्हा होत नाही. पण 'फाइल ट्रंकेटेड' अशी चूक आली तर बंद पडताना काही .ओ फाइली रिकाम्या राहिल्या आहेत. फाइंडने शून्य आकाराच्या .ओ फाइली शोधून पुसा आणि पुन्हा चालवा. तरी अडलं तर मेक क्लीन.

## टप्पा ७: बसवणं

सोर्सच्या वरच्या फोल्डरमध्ये .डेब फाइली तयार होतात. 'लिनक्स-इमेज' तर हवंच. दुकानात डीकेएमएसवर (प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनावर) चालणारं काही असेल, जसं एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स, तर 'लिनक्स-हेडर्स'ही न्या. 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' बसवू नका.

सुडो डीपीकेजी -आय ने पॅकेज बसवलं की इनिटरॅमएफएस आणि ग्रबची नोंद आपोआप होते. पॅकेज न करता थेट बसवत असाल तर आधी मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मग मेक इन्स्टॉल. उलट केलंत तर इनिटरॅमएफएस बनते तेव्हा मॉड्यूल जागेवर नसतात आणि ती जवळपास रिकामी राहते.

तपासा: बूट फोल्डरमध्ये तुमच्या नावाच्या व्हीएमलिनझ, इनिटआरडी आणि कॉन्फिग अशा तिन्ही फाइली आहेत का? इनिटआरडी जुनीच्या मानाने अगदीच चिमुकली नाही ना?

## टप्पा ८: पहिलं बूट

ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून नवी नोंद हाताने निवडा. उठलं नाही तर स्क्रीनवरची शेवटची ओळ मोबाईलवर टिपून जुन्या कर्नेलवर परत या. बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक असतं:

- 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)': कर्नेलला डिस्कच दिसली नाही, किंवा इनिटरॅमएफएस नाही अथवा उलगडली नाही. कंसात ८ ने सुरू होणारी जोडी असेल तर डिस्क दिसली आहे, फाइलप्रणालीचा ड्रायव्हर राहिला आहे.
- 'गेव्ह अप वेटिंग फॉर रूट' आणि खाली बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट: इनिटरॅमएफएस चालली, पण आत डिस्कचं मॉड्यूल नाही.
- 'बॅड शिम सिग्नेचर': टप्पा २ मधलं सिक्युअर बूट.
- 'डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२': फर्मवेअरची फाइल सापडली नाही. पॅकेज बसवलेलं नाही, किंवा ड्रायव्हर पक्का करून ठेवला आहे.

उठलं तरी काम संपलेलं नाही. यूनेम -आर मध्ये तुमचं नाव दिसतंय ना बघा. एलएसपीसीआय -एनएनके पुन्हा चालवून टप्पा १ च्या फाइलीशी डिफ करा. एखाद्या उपकरणाखालची 'ड्रायव्हर इन यूज' ओळ गायब असेल तर तेवढाच ड्रायव्हर टप्पा ५ मध्ये जाऊन परत घ्या. त्यानंतर टप्पा १ मधली उपकरणं त्याच क्रमाने पुन्हा वापरून पाहा: काटा, प्रिंटर, टेदरिंग, पेनड्राइव्ह. झोपेत घालून उठवणं आणि आवाजही विसरू नका.

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलाला लोकल व्हर्जनचा पुढचा आकडा द्या, '-अडत२', '-अडत३'. पाच पर्याय एकदम बदलले आणि काटा बोलेनासा झाला, तर कशामुळे ते कळायला पाचही उलट करावे लागतात.

आठवडाभर रोजच्या कामात अडचण आली नाही की मगच ग्रब-सेट-डिफॉल्टने नवं कर्नेल कायम करा.

## टप्पा ९: पुढची अपडेट

६.१२ च्याच शाखेत नवी आवृत्ती आली की नवा सोर्स उलगडा, चालणारी .कॉन्फिग त्यात ठेवा आणि मेक ओल्डकॉन्फिग द्या. शाखा तीच असल्याने प्रश्न थोडेच येतात. लोकलमॉडकॉन्फिग पुन्हा चालवायचं नाही. शाखा बदलताना प्रश्नांची रांग लागते. तिथे न समजलेल्या प्रश्नाला एंटर दाबून मूळ उत्तर स्वीकारलेलं बरं.

दुकानात नवं उपकरण आलं, समजा लेबल प्रिंटर, तर यंत्र वितरणाच्या कर्नेलवर उठवा, उपकरण लावा आणि एलएसएमओडीची नवी यादी जुन्या यादीशी ताडा. वाढलेलं मॉड्यूल तेवढं .कॉन्फिगमध्ये घाला. चालणारी .कॉन्फिग, 'दुकान-मॉड्यूल' आणि तयार .डेब फाइली एका पेनड्राइव्हवर ठेवून तो दुकानातच वहीच्या खणात ठेवायला सांगा. म्हणजे एसएसडी बदलावी लागली तरी पुढच्या माणसाला टप्पा ७ पासून सुरू करता येईल.